बॉनेट उघडल्यावर काय दिसावं? कॉइल हलवण्याआधी ऐकायच्या गोष्टी

(हा या भागाचा लिखित मजकूर आहे. गाडीवर काम करताना हात ग्रीसने भरलेले असतात, भाग मागे-पुढे करणं जमत नाही. म्हणून सिलिंडरचे नंबर आणि वायरींचा हिशोब इथे शांतपणे वाचायला ठेवलाय.)

हेडफोन नीट लावा, कारण आजचा भाग थोडा तांत्रिक आहे. पण घाबरू नका. दहावीचं विज्ञान आठवत असेल तर पुरे आहे. आठवत नसेल तरी चालेल, मी आहे ना.

इन्स्टाग्रामवर तुम्ही ते रील नक्की पाहिले असतील. जुनी अमेरिकन गाडी, बॉनेट वर जातं आणि आत इंजिन असं दिसतं की जणू दागिन्यांच्या दुकानात ठेवलंय. एक वायर दिसत नाही. एक पाइप लोंबकळत नाही. टॅपेट कव्हर आरशासारखी चकाकतायत. खाली कॉमेंटमध्ये सगळे विचारतात, ‘अरे, कॉइल कुठे गेल्या?’

आजचा विषय तोच. कॉइल कुठे गेल्या, कशा गेल्या आणि जायला हव्या होत्या का?

हा विषय निघाला एका श्रोत्यामुळे. आपला हा मित्र मूळचा सांगलीचा, आता टेक्सासमध्ये ह्यूस्टनला असतो. त्याने आणि त्याच्या मित्राने मिळून १९७२ ची शेवरलेट सी-१० पिकअप उभी केलीय. इंजिन मात्र जुनं नाही. शेवरलेट सिल्व्हरॅडोमधून काढलेलं ५.३ लिटरचं व्ही-८ त्यात बसवलंय. गाडी चालते, छान चालते. आता त्याला बॉनेटखालचा पसारा आवरायचाय. आणि दुसरी गोष्ट त्याने अगदी सहज लिहिलीय, पण माझ्यासाठी तीच महत्त्वाची आहे. पुढच्या महिन्यात आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेला येतायत, त्यांना याच पिकअपमधून सॅन अँटोनिओला न्यायचंय. ह्यूस्टनहून साधारण २०० मैल. लांबलचक हायवे आणि टेक्सासचं ऊन.

त्याचा प्रश्न एका ओळीचा होता. ‘कॉइल मागे फायरवॉलवर नेऊ का?’ उत्तर मात्र एका ओळीत देता येत नाही. चला, सुरुवातीपासून बघू.

आधी बघू, कॉइल करते काय

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. पण प्लगच्या टोकाला जी फट असते, ती ओलांडून ठिणगी पडायला हजारो व्होल्ट लागतात. वीस हजार, तीस हजार, कधी त्याहून जास्त. १२ चे हे हजारो कोण करतं? कॉइल.

आत दोन गुंडाळ्या असतात. एक जाड तारेची, कमी वेढ्यांची. दुसरी केसासारख्या बारीक तारेची, हजारो वेढ्यांची. पहिलीतून करंट सोडला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं. मग तो करंट झटकन तोडायचा. क्षेत्र कोसळतं आणि त्या कोसळण्याने दुसऱ्या गुंडाळीत प्रचंड व्होल्टेज उभं राहतं. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व हेच. विहिरीतून घागर ओढताना दोर हळूहळू वर येतो, पण हातातून सुटला की एका क्षणात खाली जातो ना, तसंच. भरायला वेळ, सुटायला क्षण.

हा ‘भरायला वेळ’ लक्षात ठेवा. इंग्रजीत त्याला ड्वेल म्हणतात. काही मिलिसेकंदांचाच असतो, पण पुढचं सगळं त्याच्यावर चालतं.

जुन्या व्ही-८ मध्ये आठ सिलिंडरांना मिळून एकच कॉइल असायची. ती ठिणगी कोणत्या प्लगला द्यायची हे डिस्ट्रिब्युटर ठरवायचा. आता हिशोब करा. इंजिन ६००० आरपीएमवर फिरतंय. व्ही-८ मध्ये प्रत्येक फेऱ्यात चार ठिणग्या. म्हणजे मिनिटाला २४,०००, सेकंदाला ४००. एका ठिणगीला मिळाले अडीच मिलिसेकंद! त्यातच कॉइल भरायची, त्यातच सोडायची. बिचारीची दमछाक होणारच.

आठ सिलिंडरांना आठ कॉइल दिल्या तर? प्रत्येकीला सेकंदाला फक्त ५० ठिणग्या. मध्ये २० मिलिसेकंदांची सवड. पोट भरून जेवायला वेळ मिळाला की काम चांगलं होतं, माणसाचं काय आणि कॉइलचं काय.

मग एवढा पसारा का दिसतो?

१९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये जनरल मोटर्सने एलएस-१ नावाचं नवं व्ही-८ आणलं. ५.७ लिटरचं. डिस्ट्रिब्युटर गेला, आठ कॉइल आल्या. मग हेच कुटुंब पिकअप ट्रकमध्ये गेलं, ४.८, ५.३, ६ लिटर अशा मापांत. ही इंजिनं लाखोंनी बनली, भंगारात सहज मिळतात, दणकट असतात. म्हणून अमेरिकेत जुन्या गाडीत नवं इंजिन टाकायचं म्हटलं की पहिलं नाव एलएसचं येतं. आपल्या सांगलीच्या मित्रानेही तेच केलं.

या इंजिनात कॉइल थेट प्लगवर बसत नाहीत. प्लगच्या जवळ, टॅपेट कव्हरच्या वर बसतात. डाव्या बाजूला चार, उजव्या बाजूला चार. प्रत्येक कॉइलपासून प्लगपर्यंत जेमतेम वीतभर एचटी वायर.

कंपनीने हे असं का केलं? एचटी वायर जितकी आखूड तितका तोटा कमी. कॉइल इंजिनलाच धरलेली, म्हणजे इंजिन हललं तरी कॉइल आणि प्लग एकत्रच हलतात, वायर ओढली जात नाही. अर्थिंग तिथेच हेडला. आणि एखादी कॉइल गेली तर समोरूनच काढता येते. चार-चार फायदे आहेत. फक्त दिसायला? सोसायटीच्या जिन्याखालचा मीटर-बोर्ड!

आणि ते कंपनीलाही कळत होतं बरं का. १९९७ च्या त्याच कॉर्व्हेटमध्ये त्यांनी दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकची कव्हरं टाकून हा सगळा प्रकार झाकला होता.

आता ज्यांनी १९५५ पासूनची जुनी शेवरलेट व्ही-८ पाहिली आहेत, त्यांच्या डोळ्यांत बसलेलं चित्र वेगळं. मोकळी, चकचकीत टॅपेट कव्हर. १९७२ च्या पिकअपचं बॉनेट उघडल्यावर तेच दिसावं, असं वाटणं चूक नाही. मला तो हट्ट पटतो. आपण घरात पाहुणे यायच्या आधी चादर बदलतो, तेव्हा ‘चादरीने झोप चांगली लागते का’ असं कुणी विचारत नाही. सुंदर दिसणं हेही कारणच आहे.

पण कॉइल म्हणजे चादर नव्हे. तिची जागा बदलली की तिच्याशी जोडलेलं काय काय बदलतं, ते एकदा मोजून घ्यायला हवं.

जागा कोणत्या?

लोक साधारण चार ठिकाणी कॉइल नेतात.

पहिली, हेडच्या मागच्या टोकाला ब्रॅकेट लावून. कॉइल अजूनही इंजिनवरच, फक्त मागे लपलेल्या.

दुसरी, फायरवॉलवर. म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर.

तिसरी, आतल्या मडगार्डवर, दोन्ही बाजूंना.

चौथी, इंजिनच्या पुढे किंवा खाली चॅसीच्या पट्टीजवळ. ही जागा मी पहिल्यांदाच बाद करतो. पाणी, चिखल, खडे सगळं तिथेच उडतं.

उरलेल्या तीन जागांना पाच प्रश्न विचारायचे.

प्रश्न पहिला : एचटी वायर किती लांब होणार?

एक गोष्ट पक्की. प्लग आहेत तिथेच राहणार. म्हणून कॉइल जितकी दूर, तितकी एचटी वायर लांब.

या इंजिनात दोन शेजारच्या सिलिंडरांच्या मध्यांमधलं अंतर ४.४ इंच असतं. १९५५ च्या इंजिनातही तेवढंच होतं. एका बाजूला चार सिलिंडर, मधली अंतरं तीन. म्हणजे पुढच्या आणि मागच्या प्लगमध्ये १३.२ इंच. कॉइल हेडच्या मागे नेली तर मागच्या सिलिंडरला फारसा फरक पडत नाही, पण पुढच्याची वायर किमान फूटभर वाढते. फायरवॉलवर नेली तर त्याहून जास्त.

याने बिघडतं काय? दोन गोष्टी. वायरचा रोध लांबीबरोबर वाढतो. रेडिओत खरखर येऊ नये म्हणून एचटी वायर मुद्दाम रोध असलेल्याच असतात. साध्या कार्बनवाल्या वायरींचा रोध फुटाला हजारो ओहम असू शकतो, वळणदार धातूच्या तारेवाल्या स्पायरल वायरींचा त्यापेक्षा पुष्कळ कमी. म्हणून लांब वायर लावायचीच तर स्पायरल कोरची चांगली वायर घ्या. दुसरी गोष्ट, लांब वायर स्वतःच थोडी विद्युत ऊर्जा साठवते. प्लगला द्यायच्या आधी कॉइलला ही वायर ‘भरावी’ लागते. वाटेतला टोल म्हणा हवं तर.

चांगली कॉइल आणि चांगली वायर असेल तर हा टोल परवडतो. जुन्या डिस्ट्रिब्युटरवाल्या इंजिनांत दोन-तीन फुटांच्या एचटी वायरी होत्याच की. आपल्याकडच्या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० मध्येही कॉइल प्लगपासून दूरच असायची. दूर ठेवली म्हणून पाप होत नाही. फक्त जुन्या, निबर झालेल्या कॉइलवर हा बोजा टाकू नका.

प्रश्न दुसरा : कोणत्या वायरी एकमेकींना चिकटून जाणार?

हा मुद्दा बहुतेक व्हिडिओंमध्ये सुटतो. नीट ऐका, किंवा वाचा.

या इंजिनाचा फायरिंगचा क्रम आहे १-८-७-२-६-५-४-३. डाव्या बाजूला सिलिंडर १, ३, ५, ७. उजव्या बाजूला २, ४, ६, ८. आता क्रमाचा शेवट आणि सुरुवात जोडून वाचा. ...४, ३, १, ८... म्हणजे ३ नंतर लगेच १. आणि हे दोघे एकाच बाजूला, अगदी शेजारी!

यात धोका काय? ३ च्या वायरमधून हजारो व्होल्ट धावले की शेजारून समांतर जाणाऱ्या १ च्या वायरमध्येही थोडं व्होल्टेज जागं होतं. त्या वेळी १ नंबरच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबलं जात असतं, त्याची पाळी अजून ९० अंशांनी दूर असते. अशात तिथे चुकून ठिणगी पडली तर पिस्टन वर येतोय आणि स्फोट त्याला खाली ढकलतोय. इंजिनाला हे अजिबात मानवत नाही. याला क्रॉसफायर म्हणतात.

वायर वीतभर असताना ही भीती जवळजवळ नसते, कारण वायरी शेजारी धावतच नाहीत. मागे नेल्या की चारही वायरी एकाच दिशेने, हातात हात घालून जातात. आणि ‘क्लीन’ दिसावं म्हणून लोक त्यांची जुडी करून झिप टायने घट्ट आवळतात! तिथेच घोळ होतो.

उपाय सोपा आहे. वायर वेगळ्या ठेवणारे क्लिप मिळतात, ते लावा. १ आणि ३ च्या मध्ये ५ किंवा ७ ची वायर येऊ द्या. जिथे एकमेकींना ओलांडायचंच आहे तिथे काटकोनात ओलांडा.

प्रश्न तिसरा : अर्थिंग आणि १२ व्होल्ट कुठून?

एलएसच्या प्रत्येक कॉइलला चार वायरी येतात. एक १२ व्होल्टची. एक अर्थिंगची. एक सिग्नलची, म्हणजे ‘आता भर, आता सोड’ असा कॉम्प्युटरचा हुकूम. आणि चौथी त्या सिग्नलच्या संदर्भाची अर्थ-वायर. एका बाजूच्या चार कॉइलच्या १२ व्होल्ट, अर्थिंग आणि संदर्भ वायरी सामायिक, सिग्नल चार वेगळे. तीन अधिक चार, सात. म्हणून एका बाजूच्या वायरिंगचा कनेक्टर सात पिनांचा असतो. मोजून बघा.

कॉइल हलवली की हे वायरिंगही लांबवावं लागतं. लांबवताना बारीक वायर वापरली तर १२ व्होल्टमधला अर्धा-पाऊण व्होल्ट वाटेतच गळतो. आणि गंमत अशी की कॉम्प्युटरला ते कळत नाही. तो स्वतःपाशी येणारं व्होल्टेज बघतो आणि त्यावरून कॉइल किती वेळ भरायची ते ठरवतो. त्याच्या हिशोबाने कॉइल पूर्ण भरलेली असते, प्रत्यक्षात ती अर्धपोटी. ठिणगी कमजोर.

अर्थिंगचं तर त्याहून महत्त्वाचं. कंपनी ही अर्थिंग सिलिंडर हेडला घेते, कारण ठिणगीचा करंट प्लगमधून हेडमध्येच उतरतो आणि त्याला कॉइलकडे परत यायचं असतं. कॉइल फायरवॉलवर नेली आणि अर्थिंग तिथल्याच रंगवलेल्या पत्र्याला स्क्रूने मारली, तर हा करंट परतीची वाट शोधत फिरतो. कधी सेन्सरच्या वायरींतून! म्हणून नियम एकच : कॉइल कुठेही जावो, अर्थिंग हेडलाच. आणि इंजिन ते बॉडी जाड पट्टी वेगळी.

जोड देताना नुसती वायर पिळून टेप गुंडाळू नका. नीट क्रिम्प करा, वर गरम करून आवळणारी नळी चढवा.

प्रश्न चौथा : उष्णता, हलणं आणि सेन्सर

इंजिनच्या मागची जागा झाकलेली आणि गरम असते. रेडिएटरमधून आलेली तापलेली हवा तिथेच येऊन कोंडते, खाली एक्झॉस्ट असतो. काही ट्रकच्या कॉइलच्या पाठीला ॲल्युमिनियमचे पंख असतात. ते शोभेचे नाहीत, उष्णता सोडायला आहेत. हवा मिळाली नाही तर त्यांचा उपयोग नाही. टेक्सासच्या उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये उभी असलेली गाडी डोळ्यांसमोर आणा.

शिवाय इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, ॲक्सिलरेटर दिला की एका अंगाला झुकतं. कॉइल बॉडीवर आणि प्लग इंजिनवर असतील तर मधली वायर प्रत्येक वेळी ओढली जाणार. थोडी ढील ठेवा, पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रोमेट लावा.

आणि सेन्सर. या इंजिनाच्या जुन्या पिढीत, म्हणजे आपल्या मित्राचं आहे तसल्या इंजिनात, कॅमशाफ्टचा सेन्सर ब्लॉकच्या मागच्या टोकाला, इनटेकच्या पाठीमागे असतो. क्रँकचा सेन्सर स्टार्टरच्या जवळ. नॉक सेन्सर इनटेकच्या खाली. म्हणजे आपण ज्या कोपऱ्यात आठ कॉइल लपवायला निघालोय, तिथे कॅम सेन्सर आधीच राहतो! एचटी वायरी आणि सेन्सरच्या वायरी एकत्र बांधू नका, अंतर ठेवा.

प्रश्न पाचवा : रात्री रस्त्यावर बंद पडली तर?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा.

गाडी मिसिंग मारायला लागली की स्कॅनर कोड देतो. पी-०३०१ म्हणजे एक नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पी-०३०८ म्हणजे आठ नंबरमध्ये. पी-०३०० आला तर नेमका कोणता ते ठरत नाही. कॉइलच्या सर्किटचे कोड पी-०३५१ पासून पी-०३५८ पर्यंत. समजा ५ नंबरचा मिसफायर आलाय. मेस्त्री काय करतो? ५ ची कॉइल काढून ३ वर लावतो, ३ ची ५ वर. कोड ३ वर गेला तर कॉइल खराब. ५ वरच राहिला तर प्लग, वायर किंवा दुसरं काही. दहा मिनिटांचं काम, एक पाना पुरे.

हेच कॉइल हेडच्या मागे, दोन थरांच्या ब्रॅकेटवर, फायरवॉलपासून दोन बोटांवर असतील तर? हात जात नाही. मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात आधी ब्रॅकेट काढा, मग कॉइल. बाजूने ट्रक जातायत आणि गाडीत आई-बाबा बसलेत.

मिसिंग मारणारी गाडी ‘चालतेय ना, घरी जाऊन बघू’ म्हणून रेटायची नसते. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जातं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर ते तिथे जळतं आणि तो लालभडक तापतो. खाली वाळकं गवत असेल तर आगही लागू शकते.

मग मित्राला काय सांगू?

मित्रा, तुझ्या मेसेजमधले फोटो मी झूम करून पाहिले. तुझ्या पिकअपमध्ये इंजिनच्या मागे जागा कमी आहे, पण आतल्या मडगार्डच्या बाजूला भरपूर आहे. मी असतो तर हे असं केलं असतं.

आई-बाबांच्या ट्रिपआधी कॉइल हलवू नकोस. नवीन वायरिंगची परीक्षा पहिल्यांदाच २०० मैलांवर आणि तीही त्यांना घेऊन नको. तोपर्यंत अर्धा पसारा असाच आवरता येतो. कॉइलचं ब्रॅकेट काढ, घासून रंगव. वायरिंग मागच्या बाजूने फिरवून कापडी टेपचं लूम कर. वर कॉइलची कव्हरं बसव. एका शनिवार-रविवारचं काम आहे आणि इंजिनाच्या विजेला हातही लागत नाही. बाबांना बॉनेट उघडून दाखवशील तेव्हा ते म्हणतील, ‘वा, चकाचक!’ ते कॉइल मोजणार नाहीत, खात्रीने सांगतो.

ते परत गेले की मग सावकाश मडगार्डवर ने. डावीकडच्या चार डाव्या मडगार्डवर, उजवीकडच्या चार उजव्या. तिथे हवा खेळते, हात पोचतो, कॅम सेन्सर दूर राहतो. वायर फायरवॉलच्या मानाने आखूड लागते, आणि पुढच्या-मागच्या सिलिंडरांच्या वायरींत फार तफावतही राहत नाही. इंजिनवरून पाहिलं तर टॅपेट कव्हर मोकळी दिसतात. तुला हवं होतं तेच ना?

काम करताना

बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. चालू इंजिनच्या एचटी वायरला हात लावायचा नाही, ‘रबराचं बूट आहे’ म्हणूनही नाही. घरात कुणाला पेसमेकर बसवला असेल तर बॉनेट उघडं आणि इंजिन चालू असताना त्यांना लांबच उभं करा.

एकेक वायर काढा, दोन्ही टोकांना नंबर लिहा, मगच पुढची. आठही एकदम काढून ‘लक्षात आहे माझ्या’ म्हणणाऱ्यांची संध्याकाळ फुकट जाते.

वायरी एक्झॉस्टपासून दूर ठेवा. प्लगच्या बूटांवर उष्णता अडवणाऱ्या बाह्या चढवा.

जोडून झाल्यावर अंधारात इंजिन चालू करा आणि स्प्रेच्या बाटलीने वायरींवर पाण्याचा अगदी हलका फवारा मारा. कुठे निळसर ठिणगी नाचताना दिसली तर तिथे गळती आहे. हात लांब, बाटली लांब.

आणि दारात उभी असलेली गाडी छान गुरगुरतेय म्हणून काम झालं असं समजू नका. इंजिनावर भार आला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि दाब वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. कमजोर वायर निष्क्रिय आरपीएमवर गप्प बसते, चढावर बोलते. म्हणून स्कॅनर लावून भर दुपारी, चढावर, एसी चालू ठेवून फिरवा. आठही सिलिंडरांचे मिसफायरचे आकडे बघा. आठवडाभर शून्य राहिले तर लांबच्या रस्त्याला लागा.

आणि आपल्याकडचं काय?

महाराष्ट्रातून ऐकणाऱ्यांचा प्रश्न मला आधीच ऐकू येतोय. ‘दादा, माझ्या हॅचबॅकमध्ये करू का?’

नको. आपल्याकडच्या बहुतेक आजच्या पेट्रोल गाड्यांत कॉइल थेट प्लगच्या डोक्यावर बसते. मध्ये एचटी वायरच नाही. ती हलवणं म्हणजे नसलेली वायर विकत घेऊन बिघाडाची नवी जागा तयार करणं. वॉरंटीही धोक्यात. कॉइलची जागा काही आरसीवर लिहिलेली नसते, पण इंजिनचा नंबर असतो. त्यामुळे रील बघून इंजिनच बदलायचं मनात आलं, तर मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम वाचा आणि आधी आरटीओत विचारा. पैसे नंतर मोजा.

बॉनेटखाली सुंदर दिसावं असं वाटत असेल तर स्वच्छतेपासून सुरुवात करा. इंजिन थंड असताना ओल्या फडक्याने पुसणं, तुटलेले क्लिप बदलणं, सुटलेल्या वायरी लूममध्ये घेणं. आपल्या बहुतेक गाड्यांना एवढ्यानेच नवं रूप येतं.

माझं साधं मत सांगतो. जी गोष्ट लपवताय, तिथे तुमचा हात दोन मिनिटांत पोचला पाहिजे. पोचत असेल तर खुशाल लपवा.

तुमच्या गाडीच्या बॉनेटखाली तुम्ही काय आवरलंय, फोटो पाठवा. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही हवेत! पुढच्या भागात आपण अर्थिंगवरच बोलू, कारण अर्ध्या गाड्यांची अर्धी दुखणी तिथूनच सुरू होतात. तोपर्यंत गाडी सांभाळून चालवा, स्वतःची काळजी घ्या. भेटूया!